तळ्यावर पॅनेल तरंगवायचे? आधी मे महिन्यातले तळे बघा

"पाणी आहे, ऊन आहे, जागा अडवून बसणारे कोणी नाही. मग सौर पॅनेल तरंगत ठेवायला किलोवॅटला किती पडतील?" असे फोन मला बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तळे काठोकाठ भरलेले असते आणि त्याच आठवड्यात कुणीतरी पाण्यावरच्या पॅनेलचा व्हिडिओ पाठवलेला असतो. भावाचा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधीच्या चार-पाच प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली नाहीत, तर स्वस्तातले पॅनेलही महाग पडते.

हा लेख गोव्यातल्या ५ ते ५० किलोवॅटच्या गरजेसाठी आहे. म्हणजे काजू कारखाना, कुळागरातला (पोफळी-माडांच्या बागेतला) होमस्टे, बर्फाचा कारखाना, बाटलीबंद पाण्याचे युनिट, गोड्या पाण्यातली मत्स्यशेती, किंवा जुन्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) खाणीत पाणी साठलेला एखादा प्लॉट. साळावली किंवा अंजुणे धरणावरचे मोठे प्रकल्प हा वेगळा विषय आहे आणि ती जलाशये तुमची-माझी नाहीत.

क्रम महत्त्वाचा आहे. पुढचा टप्पा आधीच्या उत्तरावर उभा आहे, म्हणून मधला टप्पा गाळून पुढे उडी मारू नका.

टप्पा १: बिल आणि छप्पर

मागच्या बारा महिन्यांची वीजबिले काढा आणि महिन्यागणिक युनिट एका कागदावर लिहा. सरासरी काढून थांबू नका, महिने वेगवेगळे दिसले पाहिजेत. काजू फोडण्या-भाजण्याचे काम फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जोरात असते आणि ऊनही तेव्हाच कडक असते, म्हणजे जमून येते. हॉटेलाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. बर्फाच्या कारखान्याचे गणित मासेमारीबंदीच्या दिवसांत बदलते. गोव्यात एक किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १४०० युनिट देते असे धरा. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला पाचच्या आसपास आणि जुलैमध्ये जेमतेम दोन-अडीच, असा तो चढउतार असतो.

आता छपराकडे बघा. हे वाचून काहींना राग येईल, पण तरंगत्या पॅनेलची चौकशी करणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना मी छपरावरच पाठवतो. कारखान्याचे पत्र्याचे छप्पर धड असेल, सावली नसेल आणि लोखंडी सांगाडा वजन पेलणारा असेल, तर पाण्यात उतरायचे कारणच उरत नाही. पाण्यावर जायची कारणे ठरावीक आहेत. छप्पर मंगलोरी कौलांचे आहे, छप्पर भाड्याचे आहे, भोवती माडांची सावली आहे, किंवा उन्हाळ्यात तळ्यातले पाणी वाचवणे तुमच्या धंद्याला खरोखर मोलाचे आहे.

*तपासून पाहा:* वरच्यांपैकी एकही कारण लागू होत नसेल तर इथेच थांबा आणि छपराचे कोटेशन मागवा.

टप्पा २: पाणी कोणाचे

सर्वांत जास्त योजना इथे अडकतात, आणि पैसे देऊन झाल्यावर अडकतात.

नमुना १ व १४ चा (गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीचा) ताजा उतारा आणि सर्वे प्लॅन काढा. तळे ज्या सर्वे नंबरात आहे तोच नंबर तुमच्या उताऱ्यावर आहे ना, ते बघा. घर एका पोटविभागात आणि तळे शेजारच्या, असे कुळागरांत सर्रास आढळते. मग कब्जेदाराचा रकाना, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना, असे तिन्ही वाचा. कुळाचे नाव असेल तर त्याच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका. आजोबांचे नाव अजून चढलेलेच असेल तर वारसांचा विषय आधी सोडवा. गोव्यातल्या नागरी कायद्यामुळे विवाहानंतर बहुतेक वेळा पती-पत्नी दोघेही मालमत्तेत सामायिक असतात. म्हणून मुंबईला राहणाऱ्या भावाची सही घेतली पण वहिनीची राहिली, अशी फाइल बँक परत पाठवते.

झऱ्यावर भरणारे तळे असेल तर पाण्याच्या पाळीचा प्रश्न येतो. खालच्या तीन कुळागरांना त्याच तळ्यातून पाट जात असेल, तर तळे उताऱ्यावर तुमचे असूनही पाणी एकट्याचे नाही. त्या लोकांना आधी घरी बोलावा, चहा द्या, नकाशा दाखवा. पॅनेल बसल्यावर बोलावलेत तर ते वकील घेऊन येतील.

काही पाण्यांकडे तर फिरकूच नका:

खाजन जमीन (बांध घालून खाडीपासून राखलेली सखल शेती) आणि मानशीच्या (त्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आतले पाणी. भरती-ओहोटीचा प्रभाव जिथे पोचतो तिथे सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्राचे नियम, लागू होतात. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत आणि खाजनांना त्यांत संरक्षण आहे. वर खारे पाणी लोखंडाला खाते ते निराळेच.

पाणथळ म्हणून अधिसूचित झालेली तळी. कुडचड्याजवळचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेले. अशा किंवा त्या वाटेवर असलेल्या तळ्यावर धंद्याचे पॅनेल बसवायचा विचारही नको.

कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची) आणि देवस्थानाची तळी. त्यांचे सभासद, म्हणजे गावकार किंवा महाजन, ओळखीचे आहेत, तोंडी हो म्हणाले, एवढ्यावर बांधकाम होत नाही. ठराव, मंजुरी आणि मुदतीचा लेखी करार हातात नसेल तर ती जागा तुमच्या हिशेबात नाही.

लोहखनिजाच्या खाणींचे खड्डे. डिचोली, सत्तरी, सांगे भागात निळेशार पाणी भरलेले हे खड्डे पाहून अनेकांना मोह होतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, त्यानंतर नव्याने लिलाव सुरू झाले. ज्या दिवशी खाण पुन्हा चालू होईल त्या दिवशी पंप लागतील आणि तुमचे पॅनेल चिखलात बसेल. शिवाय त्या कडा ढासळतात.

चिऱ्याची खाण तुमच्याच जमिनीत असेल तर चालू शकते. पण चिरे काढताना परवाना होता का, हे आधी आठवून बघा. नसेल तर सौर प्रकल्पाचा अर्ज म्हणजे स्वतःच्या हाताने लावलेली तक्रार.

*तपासून पाहा:* उतारा, सर्वे प्लॅन, सर्व सहमालकांच्या सह्या आणि तळे भाड्याचे असेल तर किमान पंधरा वर्षांचा नोंदणीकृत करार. हे सगळे एका फाइलीत आल्यावरच पुढे चला. पंचायतीलाही या टप्प्यावर लेखी विचारा आणि पोच घ्या.

टप्पा ३: मेमध्ये मोजा, ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या कामांपैकी एक. नोव्हेंबरात तळे मोजले, दोर ताणून बांधले, सगळे कसे टापटीप दिसत होते. एप्रिलमध्ये पाणी खाली गेले, काठावरच्या खुंटांनी दोर धरून ठेवले आणि पॅनेलच्या तरंगत्या बेटाचा एक कोपरा हवेत उचलला गेला. पॅनेलखालचे तरंगते फ्लोट जोडणाऱ्या जोडपिना तुटल्या, दोन पॅनेल तिरकी झाली. मालक सभ्य होता, एवढेच. मी मे महिन्यात तिथे एक चक्कर मारली असती तर हे टळले असते.

तळ्याच्या काठावर कायम राहणारी एक खूण निवडा. चिऱ्याचा गडगा, पंपाचा कट्टा, काहीही. तिथून पाण्यापर्यंत सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवा. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला आकडा लिहा. वर्षभराची ही वही कुठल्याही सल्लागाराच्या अहवालाइतकी मोलाची आहे. घाई असेल तर निदान मेच्या तिसऱ्या आठवड्यातला आणि ऑगस्टमधला, असे दोन आकडे तरी हवेतच.

मेमध्येच खोलीही मोजून घ्या. होडीतून किंवा ट्यूबवरून, दोराला वजन बांधून, दर पाच मीटरवर एक माप. कागदावर चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत खोली लिहा. पॅनेलच्या बेटाखाली ऐन उन्हाळ्यातही किमान एक मीटर पाणी राहिले पाहिजे. चिऱ्याच्या खाणीत तळ सपाट नसतो, चिरे काढताना पायऱ्या राहिलेल्या असतात. पाणी उतरल्यावर अर्धे बेट पायरीवर टेकते, उरलेले अर्धे लोंबकळते आणि मधला जोड तुटतो.

त्याच फेरीत सावली बघा. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन अशा तीन वेळा फोटो काढा. मेमधली सावली फसवी असते, कारण तेव्हा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे जातो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका खाली येतो की १५ मीटर उंच माडाची सावली भर दुपारी उत्तरेला सुमारे १२ मीटर पडते. म्हणून तळ्याच्या दक्षिण काठावरचे माड आणि पोफळी मोजा, बेट उत्तरेकडे सरकवा. उत्पन्न देणाऱ्या पोफळी तोडून पॅनेलला ऊन द्यायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला पोफळीचा भाव विचारा.

उरले पाणी. पीएच पट्टी आणि क्षार मोजणारे लहान मीटर बाजारात मिळते. पाणी आम्लधर्मी किंवा खारट निघाले तर साधे गॅल्वनाइज्ड लोखंड चालणार नाही, तसे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे लागेल. पृष्ठभागावर जलपर्णी किंवा साल्विनिया असेल तर ती आधी पूर्ण काढून एक पावसाळा जाऊ द्या. पुन्हा उगवली तर फ्लोटांच्या फटींतून ती वर येते आणि पॅनेलवर पसरते.

*सावधान:* तळे मोजायला एकट्याने उतरू नका, लाइफ जॅकेट घाला. कुंभारजुवे कालव्याच्या आसपासच्या लोकांना मगरीविषयी मी सांगायची गरज नाही.

टप्पा ४: पैशाचा हिशेब, गोव्याच्या दराने

विक्रेते जो तक्ता दाखवतात तो बहुतेकदा महाराष्ट्रातल्या व्यावसायिक वीजदरावर बेतलेला असतो. गोव्यातले दर त्यापेक्षा कमी आहेत. दर कमी असला की वाचणारे पैसे कमी आणि गुंतवणूक फिटायला लागणारी वर्षे जास्त. म्हणून तुमच्या बिलावरचा युनिटचा दर घ्या. स्थिर आकार वगळा, कारण तो सौर बसवला तरी भरावाच लागतो.

उदाहरणादाखल २० किलोवॅट धरू. युनिटचा दर ६ रुपये, छपरावरचा खर्च किलोवॅटला ५० हजार, पाण्यावरचा ८० हजार. हे आकडे समजण्यापुरते आहेत, त्या जागी तुमचे बिल आणि तुमचे कोटेशन घाला.

छपरावर: गुंतवणूक १० लाख. वर्षाला २८,००० युनिट, म्हणजे १ लाख ६८ हजारांची बचत. धुण्या-पुसण्याचे १० हजार वजा केले तर सव्वासहा वर्षांत पैसे सुटतात.

पाण्यावर: गुंतवणूक १६ लाख. पाण्याच्या थंडाव्यामुळे तीन टक्के जास्त वीज, म्हणजे २८,८४० युनिट आणि १ लाख ७३ हजारांची बचत. दोर, जोड, होडी, सफाई यांचे ३५ हजार वजा. पैसे सुटायला साडेअकरा वर्षे.

पाण्यावर दहा-पंधरा टक्के जास्त वीज मिळते असे सांगणारे भेटतील. मी हिशेबात तीनच धरतो. वर मिळाली तर आनंद आहे, पण कर्जाचा हप्ता आनंदावर भरता येत नाही.

आता पाण्याची बचत. २० किलोवॅटला सुमारे २०० चौरस मीटर पाणी झाकले जाते. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर वाफ होते असे मानले, तर २०० चौरस मीटरवरून रोज १००० लिटर पाणी जाते. पूर्ण झाकले गेले तरी मार्च ते मे मिळून ९० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे नऊ टँकर. प्रत्यक्षात फ्लोटांमध्ये फटी असतात, बचत त्याहून कमीच. टँकर विकत घेणाऱ्या होमस्टेला हा आकडा अर्थपूर्ण आहे, बारमाही झरा असलेल्याला तो शून्य आहे.

सरकारी मदतीबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच दूर करतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतले ७८ हजारांपर्यंतचे अनुदान घरगुती छपरांसाठी आहे. धंद्याच्या जोडणीला ते मिळत नाही. घराच्या जोडणीवर अनुदान घेऊन वीज कारखान्याला वळवायची युक्ती कोणी सुचवली तर दारातूनच परत पाठवा. व्यवसायाला मिळतो तो घसाऱ्याचा फायदा: सौर संचावर आयकरात ४० टक्के घसारा. मात्र आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. आणि तुम्ही आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली (१९६१ च्या कायद्यातले कलम ४४ एडी) विवरणपत्र भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही. छोट्या धंद्यांत असे बरेच असतात आणि विक्रेत्याच्या तक्त्यात ही ओळ कधीच नसते. सीएला दाखवल्याशिवाय तो तक्ता खरा मानू नका.

*तपासून पाहा:* दहा वर्षांत पैसे सुटत नसतील आणि पाण्याची बचतही कामाची नसेल, तर लेखाचा उरलेला भाग माहितीपुरता वाचा.

टप्पा ५: वीज खात्याकडे आधी, विक्रेत्याकडे नंतर

गोव्यात वीज वाटपाचे काम सरकारी वीज खातेच करते. नेट मीटरिंगचे (ग्रीडला दिलेली वीज बिलातून वळती करण्याचे) नियम संयुक्त वीज नियामक आयोगाचे आहेत, २०१९ चे. तुमच्या उपविभागाच्या सहाय्यक अभियंत्याला भेटून तीन गोष्टी विचारा: तुमचा मंजूर भार किती, ट्रान्सफॉर्मरवर जागा शिल्लक आहे का, आणि तुमच्या क्षमतेला विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते का. केंद्राच्या २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार नेट मीटरिंगची मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांतली जी कमी ती. छोट्या व्यावसायिकाला मंजूर भारच अडवतो. भार १२ किलोवॅट आणि पॅनेल २० किलोवॅट असा अर्ज परत येतो, मग भार वाढवायचा, मग पुन्हा अर्ज, यात हंगाम निघून जातो.

भेटीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा, की पॅनेल छपरावर नसून त्याच आवारातल्या तळ्यावर असेल. तळे रस्त्यापलीकडे असेल किंवा वेगळ्या सर्वे नंबरात असेल तर ते आवार धरले जाईल का, हे लेखी घ्या. तोंडी "होईल हो" वर केबल खणू नका.

हंगामी धंद्यांनी पावसाळ्याचा विचार करावा. जूनपासून कारखाना बंद असेल तर त्या काळातली वीज ग्रीडमध्ये जाते आणि युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना तुमच्या खरेदीदराइतका भाव मिळेल असे धरू नका. म्हणजेच पॅनेल वार्षिक गरजेपेक्षा थोडे कमीच लावा.

*सावधान:* साधा ग्रीडला जोडलेला संच वीज गेली की बंद पडतो. लाइनमनचा जीव वाचावा म्हणून तसे मुद्दाम केलेले असते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर गोव्यात कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा असे पॅनेल उन्हात असूनही पंखा फिरवू शकले नसते. वीज गेल्यावरही चालायला हवे असेल तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च टप्पा ४ मध्ये धरा. जनरेटर असेल तर सौर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरू नये याची सोय कोटेशनमध्ये मागा.

टप्पा ६: बेट आणि दोर

पॅनेल सगळ्यांकडे जवळपास सारखीच मिळतात. काम बिघडते ते दोरात.

५५० वॅटचे एक पॅनेल साधारण अडीच चौरस मीटरचे आणि सत्तावीस-अठ्ठावीस किलोचे. १० किलोवॅटला अशी अठरा. फ्लोट एचडीपीई प्लॅस्टिकचे, उन्हाने ठिसूळ न होणारे हवेत. पाण्याच्या टाक्या किंवा निळी पिंपे बांधून केलेला जुगाड पहिल्या दोन वर्षांत छान दिसतो. पॅनेलचा कल पाच ते बारा अंशांपर्यंतच ठेवा. आपल्या अक्षांशाला १५ अंश योग्य असले तरी पाण्यावर कल वाढला की वारा खालून शिरतो.

गोव्यासाठी बांधकामाच्या मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाला वाऱ्यासमोर उभ्या असलेल्या पृष्ठावर चौरस मीटरला सुमारे ९० किलोचा दाब येतो. विक्रेत्याला विचारा: "दोर आणि नांगराचा हिशेब कुठल्या वेगाला केला?" उत्तर कागदावर मागा. २०२४ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशात ओंकारेश्वरच्या तरंगत्या प्रकल्पाचे नुकसान उन्हाळी वादळाने झाले, तेही काम चालू असताना. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, म्हणून लोक त्याच बाजूचे दोर जाड लावतात. मेमधला आणि ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस मात्र घाटावरून, पूर्वेकडून येतो. चारही बाजू सारख्या मजबूत करा.

आता दोराची लांबी. काठावरचा खुंट आणि भरलेले पाणी एकाच पातळीवर आहे, बेट खुंटापासून १० मीटरवर आहे. पाणी ४ मीटर उतरले की त्याच अंतरासाठी १० मीटर ७७ सेंटिमीटर दोर लागतो. ऑगस्टमध्ये ताणून बांधलात तर मेमध्ये पाऊण मीटर कमी पडतो आणि बेट टांगले जाते. मेमध्ये ताणून बांधलात तर ऑगस्टमध्ये पाऊण मीटर ढिला पडतो आणि बेट काठावर आपटते. उपाय दोन. एक, लवचीक दोर किंवा कप्पीला वजन टांगून आपोआप ताण राखणे. दोन, छोट्या तळ्यासाठी प्रत्येक खुंटावर साधी गरारी बसवून ठरलेल्या तारखांना दोर सैल-घट्ट करणे. दुसरा स्वस्त आहे, पण ते काम कोणाचे हे माणसाच्या नावासकट ठरवा.

तळ्याची रुंदी पन्नास-साठ मीटरच्या आत असेल तर नांगर काठावरच घ्या. तळाशी काँक्रीटचे ठोकळे सोडले तर त्यांची तपासणी पाणबुड्याशिवाय होत नाही. काठ जांभ्याचा असेल तर खुंट पक्का बसतो. मातीचा बांध असेल तर बांधात खड्डे खणू नका, गळती लागते. बांधाच्या मागे, कोरड्या जमिनीत घ्या.

मत्स्यशेती असेल तर तळ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग झाकू नका आणि एरेटरची (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची) जागा मोकळी ठेवा. जाळे ओढायची बाजूही मासे काढणाऱ्याला विचारून ठरवा.

टप्पा ७: केबल आणि अर्थिंग

इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) काठावर, सावलीत, ऑगस्टच्या पातळीपेक्षा वर. पाण्यावर फक्त पॅनेल आणि डीसी केबल.

अठरा पॅनेलांची एक स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेली पॅनेल), सुमारे ७५० व्होल्ट आणि १३ अँपिअर. तळ्यापासून इन्व्हर्टरपर्यंत १५० मीटर अंतर असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये पावणेतीन टक्के वीज वाटेतच जाते, ६ च्या केबलमध्ये पावणेदोन टक्के. म्हणजे थंडाव्याने मिळवलेले तीन टक्के पातळ केबल खाऊन टाकते. लोक पॅनेलच्या भावात घासाघीस करतात आणि इथे गप्प बसतात.

केबल वेगळ्या फ्लोटवरून आणा आणि पाणी उतरेल तेवढी ढील ठेवा. जोडकनेक्टर पाण्यात लोंबता कामा नये. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर चालू होत नाही आणि दहा वाजता आपोआप होतो, अशी तक्रार आली की समजावे: कुठला तरी कनेक्टर भिजतो आहे.

जांभा कोरडा पडला की वीज नीट जिरवत नाही. एकच अर्थिंगचा खड्डा मारून फेब्रुवारीत वाचन घेतले तर आकडा घाबरवणारा येतो. दोन-तीन खड्डे जोडून घ्या, शक्य तर ओलसर काठाजवळ, आणि मोजणी मेमध्येच करा. वीज पडण्याचे दिवस तेच असतात. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज संरक्षण (अचानक येणाऱ्या जादा दाबापासून) हवे.

टप्पा ८: कोटेशन आणि करार

आता भाव विचारा. किमान तीन कोटेशने, तिन्ही एकाच मापाच्या कागदावर. पॅनेल, फ्लोट, दोर-नांगर, केबल, इन्व्हर्टर, खोदाई, परवाने आणि देखभाल असे खर्च वेगवेगळे लिहायला लावा. "टर्नकी" म्हणून एकच आकडा देणाऱ्याला परत पाठवा. पॅनेल दोन्ही बाजूंनी काचेची आणि खारट हवेच्या चाचणीला उतरलेली मागा, समुद्र दहा किलोमीटरवर असला तरी.

फ्लोटची हमी किती वर्षांची आणि ती कोण देतो, कारखाना की बसवणारा? बदलायला शंभरामागे तीन फ्लोट आणि जोडपिना जादा घ्या. पाच वर्षांनी तोच साचा मिळेलच असे नाही. शेवटचे किमान पंधरा टक्के पैसे एक पावसाळा उलटल्यावर द्यायचे, ही अट घाला. या अटीवर जो फार चिडतो त्याला आपल्या दोरांवर भरवसा नाही, असे मी समजतो.

विमा घेताना "सौर संच" एवढेच लिहून चालत नाही. पाण्यावर तरंगता संच, वादळ आणि पूर, हे शब्द पॉलिसीत दिसले पाहिजेत.

टप्पा ९: बसवण्याचा क्रम

डिसेंबर ते मार्च हा काळ. आधी काठावरचे खुंट, काँक्रीट पक्के व्हायला दोन-तीन आठवडे. मग अर्थिंग, केबलचा चर, इन्व्हर्टरची भिंत. मग काठावर उताराची सपाट जागा करून एकेक ओळ जोडा, पॅनेल बसवा, ओळ पाण्यात ढकला, पुढची जोडा. सर्व बेट पाण्यात गेल्यावर लगेच, त्याच दिवशी, चारही बाजूंचे दोर बांधा. "उद्या बांधू" म्हणून रात्रभर सोडलेले बेट सकाळी दुसऱ्या काठाला सापडते.

जोडणी झाल्यावर इन्सुलेशनची मोजणी करून आकडा लिहून घ्या. एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर चालू करू देऊ नका. दोरांच्या लांब्या, खुंटांच्या जागा आणि स्ट्रिंगचा नकाशा एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून इन्व्हर्टरशेजारी टांगा.

टप्पा १०: पहिले वर्ष

मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोर नीट करा, प्रत्येक जोडपिन हाताने हलवून बघा. बगळे आणि पाणकावळे पॅनेलवर बसणारच, त्यांची विष्ठा पावसाने पूर्ण जात नाही कारण कल कमी असतो. जानेवारी ते मे दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. काम सूर्य वर यायच्या आत, दोन माणसांनी, जॅकेट घालून. स्विच बंद केला तरी उजेडात पॅनेलच्या तारांत वीज असतेच, हे सफाई करणाऱ्याला दर वेळी सांगा. काठावर फळी लावा, कुंपण घाला. गावातली मुले पोहायला येणारच आणि हे बेट त्यांना उडी मारायला उत्तम वाटणार.

रोजचे युनिट इन्व्हर्टर दाखवतो. दर महिन्याच्या १ तारखेला ते पाण्याच्या पातळीच्या त्याच वहीत लिहा. एप्रिलमध्ये २० किलोवॅटने दिवसाला ८५-९० युनिट दिले नाहीत तर सावली, घाण आणि कनेक्टर, याच क्रमाने शोधा.